शाळा जागेवर राहू द्या, मास्तरांना फिरू द्या

गेल्या रविवारी भावजयीचा फोन आला. आमच्या घाटमाथ्यावरच्या वाडीतल्या जिल्हा परिषद शाळेचा पट नऊ, आणि ती शाळा व्यवस्थापन समितीची अध्यक्ष. "ताई, आपली शाळा मोठ्या शाळेत मिसळणार म्हणतायत. पावसाळ्यात पहिलीतली पोरं ओढा ओलांडून जाणार कशी?"

मी न्यूयॉर्क राज्याच्या उत्तरेला, कॅनडाच्या सीमेजवळच्या ग्रामीण भागात राहते. इथल्या 'बोसीज'वर, म्हणजे सहकारी शैक्षणिक सेवा मंडळावर, माझं हे तिसरं वर्ष. मानधन नाही, गावोगावच्या शाळा मंडळांनी मत देऊन पाठवलेली आम्ही माणसं. राज्याने 1948 मध्ये ही मंडळं काढली ती खेड्यातल्या लहान शाळांना आधार म्हणून. कल्पना आपल्या दूध संघासारखीच. एका गावाला शीतकरण केंद्र परवडत नाही, दहा गावांना मिळून परवडतं. तसा वाचा-उपचार करणारा, म्हणजे मुलांच्या बोलण्यातल्या अडचणी दूर करणारा शिक्षक किंवा वेल्डिंगचं वर्कशॉप मंडळ ठेवतं. शाळा हवं तेवढं घेतात, तेवढ्याचे पैसे भरतात, आणि त्यातला काही भाग राज्य पुढच्या वर्षी परत करतं.

आमच्या वाचा-उपचाराच्या बाई गाडीच्या डिकीत आरसा आणि चित्रांचे पत्ते घेऊन आठवड्यात चार शाळा करतात. हिवाळ्यात एका शाळेने त्यांचा आणखी एक दिवस मागितला, कारण पहिलीतला एक मुलगा बोलायलाच तयार नव्हता. शेजारच्या गावाच्या प्रतिनिधीने आपला गुरुवार सोडला. मे महिन्यात तो मुलगा आरशात बघून स्वतःचं नाव स्पष्ट म्हणत होता, ते मी दारात उभी राहून ऐकलं.

अमेरिकेनेही शाळा एकत्र केल्या, हे लपवत नाही. 1939-40 मध्ये देशात 1 लाख 17 हजार शाळा-जिल्हे, म्हणजे आपापल्या भागातल्या शाळा चालवणारे स्थानिक कारभार होते, आज सुमारे 13 हजार आहेत. इथली काही मुलं रोज तासभर बसमध्ये असतात. पण ती पिवळी बस बर्फातही दाराशी येते. आपल्याकडे ती हमी कोण देणार?

महाराष्ट्रात 2023 पासून समूह शाळांची, म्हणजे लहान शाळा एका मोठ्या शाळेत मिसळण्याची चर्चा आहे. तेव्हा वीसपेक्षा कमी पटाच्या शाळा 14 हजारांहून जास्त होत्या, आणि नमुना म्हणून पानशेत व तोरणमाळची नावं पुढे येतात. नऊ मुलांच्या शाळेत खेळायला संघ होत नाही, एकाच मास्तरांना चार इयत्ता सांभाळाव्या लागतात, हे म्हणणं खरं आहे. पण त्यावर मुलांनाच चालायला लावणं हा उपाय मला मान्य नाही. एक किलोमीटरच्या आत प्राथमिक शाळा हा शिक्षण हक्काचा नियम कागदावर राहायला नको.

आपल्याकडे आसपासच्या शाळांचं मिळून एक केंद्र आहे, केंद्रप्रमुख आहेत, शिक्षण परिषदाही भरतात. पण या केंद्राकडे स्वतःची तिजोरी नाही आणि गावाला तिथे मत नाही, इथे घोडं अडलंय. 2009 च्या शिक्षण हक्क कायद्याने शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक आणले, पण त्यांचा अधिकार आपल्याच शाळेच्या भिंतीपाशी संपतो. केंद्रातल्या सगळ्या समित्यांच्या अध्यक्षांचं मिळून एक मंडळ करा. त्याला निधी द्या. इंग्रजीचे, चित्रकलेचे, खेळाचे, विशेष गरजेच्या मुलांचे शिक्षक त्या मंडळाचे असू देत, आणि ते वाड्यावस्त्यांवर फिरू देत. आठवड्यातून एकदा सगळी मुलं केंद्रशाळेत खेळायला आणायला गाडीही त्याच पैशातून ठेवा.

"अमेरिकेत पैसा आहे" असं कुणी म्हणेल. इथे घरपट्टीसारख्या स्थानिक करातून शाळा चालते; आमच्या वाडीची घरपट्टी त्याला पुरणार नाही, तेव्हा निधी राज्यानेच द्यावा लागेल. पण गुरुवार कोणत्या गावाचा, हे ठरवायला मुंबई लागत नाही.

हे सगळं मी भावजयीला सांगितलं. ती म्हणाली, "ताई, आजूबाजूच्या सहा समित्यांच्या अध्यक्षांचे नंबर आहेत माझ्याकडे." पुढच्या शनिवारी त्या सगळ्या आमच्या ओसरीवर बसणार आहेत. आमच्या मंडळाचं वाटपाचं वेळापत्रक मी मराठीत उतरवून तिला पाठवलंय.