खुलासा: युटाचं पिस्तूल परमिट न्यू जर्सीत चालत नाही

‘अमेरिकेतल्या युटा राज्याचं परमिट (पिस्तूल जवळ घेऊन फिरायचा परवाना) ऑनलाइन कोर्स करून मिळतं आणि ते न्यू जर्सीतही चालतं’ असा मेसेज व्हॉट्सॲपवर फिरतोय. दोन्ही गोष्टी चूक.

युटाबाहेर राहणाऱ्यालाही हे परमिट मिळतं, एवढं खरं. पण प्रशिक्षण समोरासमोरच घ्यावं लागतं आणि शिकवणारा युटा सरकारने प्रमाणित केलेला हवा. वर्ग दुसऱ्या राज्यात भरला तरी चालतो. प्रत्यक्ष गोळी झाडून दाखवायची अट नाही (मला ही सूट खटकतेच). न्यू जर्सी मात्र दुसऱ्या कुठल्याच राज्याचं परमिट मानत नाही. तिथे पिस्तूल घेऊन फिरायचं तर तिथलंच परमिट काढा, नेमबाजीच्या चाचणीसकट.

आणि एच-१बी व्हिसावर असाल तर आधी वकिलाला गाठा: मोजके अपवाद सोडले तर संघीय कायद्याने बंदूक जवळ ठेवायलाच मनाई आहे.