‘म्यूट कर आणि खेळ’ म्हणणाऱ्यांसाठी

गेमिंगच्या ग्रुपांवर एक पोस्ट कायम फिरत असते. शिव्या हा ऑनलाइन गेमचा भागच आहे, झोंबत असेल त्यानं म्यूट करावं, म्हणजे समोरच्याचा आवाज बंद करावा; त्रास देणारे मूठभरच असतात, आणि बॅन करून कोणी सुधारत नाही. हजारदा शेअर होते म्हणून एकदा नीट बघू या.

शिव्या खेळाचा भाग? स्लेजिंग क्रिकेटमध्येही चालतं, पण तिथे अंपायर असतो आणि मर्यादा ओलांडली की मानधन कापलं जातं. एवढं पुरे.

खरा घोळ म्यूटचा आहे. बीजीएमआय या मोबाइलवरच्या गोळीबाराच्या गेममध्ये एका स्क्वाडमध्ये, म्हणजे टीममध्ये, चौघं. ‘घरामागे दोघं आहेत, मी नॉक झालोय (गोळी लागून पडलोय), रिव्हाइव्ह दे (उठव मला)’ हे माइकवरूनच कळणार. शिव्या देणाऱ्याला म्यूट केलं की ही खबरही बंद. म्हणजे तोंड त्यानं सोडायचं आणि मॅच तुम्ही हरायची! मुलीचा आवाज ऐकू आला की लॉबीत (मॅचआधी सगळे जमतात तिथे) काय सुरू होतं, ते वेगळं सांगायला नको. कित्येक जणी माइक बंद ठेवूनच खेळतात. आणि लीग ऑफ लेजंड्स या पाच विरुद्ध पाच गेममध्ये जो रागाच्या भरात मुद्दाम समोरच्यांच्या गोळे मारणाऱ्या टॉवरखाली जाऊन मरत राहतो, त्याला म्यूट करून काय साधणार?

‘मूठभर’ची गोष्ट तर उलटीच आहे. लीग ऑफ लेजंड्स बनवणारी कंपनी रायट; तिथे खेळाडूंच्या वागण्याचा अभ्यास करणाऱ्या जेफ्री लिन यांच्या टीमनं हे मोजलं होतं. सतत त्रास देणारे खेळाडू साधारण 1 टक्का, पण एकूण त्रासातला त्यांचा वाटा जेमतेम 5 टक्के. बाकीचा सगळा तुमच्या-आमच्यासारख्यांचा, एखाद्या दिवशी डोकं फिरलेल्यांचा. आकडे कंपनीचेच आहेत, हे मान्य. पण त्यांनी पुढे केलं ते बघा: समोरच्या टीमशी होणारं चॅट आपोआप चालू असायचं, ते आपोआप बंद ठेवलं. हवं त्यानं सेटिंगमध्ये जाऊन चालू करावं. आठवड्याभरात वाईट चॅट 30 टक्क्यांहून जास्त घटलं, चांगलं जवळपास 35 टक्क्यांनी वाढलं, आणि चॅटचा वापर होता तेवढाच राहिला. माणसं तीच होती.

राहिला बॅन. नुसता बॅन ठोकला तर माणूस चिडतो, हे खरंच. पण त्याच कंपनीनं शिक्षेसोबत त्या खेळाडूचं स्वतःचंच चॅट त्याला दाखवायला सुरुवात केली, तेव्हा पुन्हा शिक्षेची वेळ न येणाऱ्यांचं प्रमाण 50 टक्क्यांवरून 70 च्या आसपास गेलं. बॅननंतर नवा आयडी काढून परतणारे निघतातच. तरी लीगमध्ये रँक्ड (क्रमवारीच्या मॅच) खेळायला आधी लेव्हल 30 गाठावी लागते, आणि पैसे मोजून घेतलेल्या स्किन्स (पात्रांचे खास पोशाख) जुन्या आयडीतच राहतात. बहुतेक गेम मात्र अजूनही रिपोर्ट करणाऱ्याला ‘कारवाई केली’ एवढंच कळवतात. बोंब मारायचीच असेल तर त्यावर मारा.