‘मोबाईल असताना गाडीत आपत्कालीन पेटी कशाला?’ या दाव्याचा प्रतिवाद

गेले काही महिने एक मजकूर हातोहात फिरतो आहे. त्याचा सारांश असा : गाडीत आपत्कालीन पेटी ठेवणे हा जुन्या काळातला सोपस्कार आहे, आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, नव्या गाड्या सहसा बंद पडत नाहीत, पडल्याच तर चारही इंडिकेटर लावून मदतीची वाट पाहावी, पेटीतल्या वस्तू उन्हाने नासतात आणि तिच्या वजनाने इंधन मात्र वाया जाते, प्रथमोपचार हे अप्रशिक्षित माणसाचे काम नाही, आणि काच फोडण्याची हातोडी ही तर निव्वळ फसवणूक आहे. यातल्या काही विधानांत तथ्य आहे, म्हणूनच ती पटतात, आणि म्हणूनच त्यांतून काढलेला निष्कर्ष घातक ठरतो. तेव्हा एकेक मुद्दा घेऊन पाहू.

पहिला मुद्दा मोबाईलचा. फोन लागणे आणि मदत पोहोचणे या दोन घटनांमध्ये जो वेळ जातो, त्या वेळेसाठी ही पेटी असते. मोठी रक्तवाहिनी फाटली तर माणूस काही मिनिटांत दगावू शकतो, आणि जवळात जवळच्या रुग्णवाहिकेलाही निघून पोहोचायला त्याहून अधिक वेळ लागू शकतो. शिवाय घाटात किंवा दरीत बऱ्याचदा नेटवर्क नसते, कडाक्याच्या थंडीत फोनची बॅटरी भराभर उतरते, आणि उपग्रहाद्वारे संदेश पाठवण्याची सोय असलेल्या नव्या फोनलाही डोक्यावर मोकळे आकाश लागते. मोबाईलच्याच उजेडात चाक बदलता येते असेही त्या मजकुरात म्हटले आहे. हे लिहिणाऱ्याने अंधारात चाक बदललेले नसावे. जॅक लावून पान्यावर जोर द्यायला दोन्ही हात लागतात, फोन जमिनीवर ठेवला की उजेड वरच्या बाजूला पडतो, आणि काढलेला नट गवतात घरंगळला की तो चाचपडतच शोधावा लागतो. डोक्याला बांधायची लहानशी विजेरी हे काम निमूटपणे करते आणि फोनची बॅटरी बोलण्यासाठी राखून ठेवते.

दुसरा मुद्दा नव्या गाड्यांचा. इंजिने पूर्वीपेक्षा भरवशाची झाली हे खरे. पण टायर खिळ्याने आजही पंक्चर होतो आणि १२ व्होल्टची बॅटरी दिवा चालू राहिला की आजही उतरते. विजेवर चालणाऱ्या बहुतेक गाड्यांतही कुलपे, दिवे आणि नियंत्रण यंत्रणा याच लहान बॅटरीवर चालतात, त्यामुळे ती उतरली तर मोठी बॅटरी भरलेली असूनही अशी गाडी जागची हलत नाही. उलट एका बाबतीत नवी गाडी अधिक परावलंबी आहे : अनेक नव्या गाड्यांत स्टेपनीच नसते, तिच्याऐवजी छिद्र बुजवणाऱ्या द्रवाची बाटली आणि हवेचा छोटा पंप दिलेला असतो. हा द्रव टायरच्या रस्त्याला टेकणाऱ्या भागातले लहान छिद्रच बुजवतो, बाजूची भिंत फाटली तर त्याचा काही उपयोग होत नाही, आणि त्या बाटलीवर मुदतही छापलेली असते. ती तारीख किती जणांनी वाचली आहे?

तिसरा मुद्दा, ‘इंडिकेटर लावले की पुरते’ हा, मला सगळ्यात धोकादायक वाटतो, म्हणून त्यावर थोडे सविस्तर लिहितो. ताशी १०० किलोमीटर वेगाने येणारी गाडी दर सेकंदाला सुमारे २८ मीटर अंतर कापते. पुढे काहीतरी उभे आहे हे चालकाला दिसून, ते थांबलेले आहे असे उमजून त्याचा पाय ब्रेकवर पडेपर्यंत अंधारात दोन सेकंद सहज जातात, म्हणजे ब्रेक लागण्याआधीच ५५ मीटर संपलेले असतात. आणि त्यानंतर कोरड्या रस्त्यावरही गाडी पूर्ण थांबायला साधारण तेवढेच अंतर लागते. तुमचे इंडिकेटर तुमच्याच गाडीवर असतात, त्यामुळे वळणापलीकडून किंवा चढापलीकडून येणाऱ्याला ते शेवटच्या क्षणी दिसतात. बॅटरी उतरलेली असेल किंवा मागून धडक बसून दिवेच फुटले असतील तर तेवढेही दिसत नाहीत. परावर्तक त्रिकोणाला वीज लागत नाही. येणाऱ्या गाडीचाच प्रकाश तो तिच्याकडे परत पाठवतो, आणि मुख्य म्हणजे तो गाडीपासून दूर, मागे ठेवता येतो. १९६८च्या व्हिएन्ना येथील रस्ता वाहतूक करारातही अशा इशाऱ्याच्या साधनाचा विचार केलेला आहे. फ्रान्सने २००८मध्ये त्रिकोण आणि चमकदार जाकीट या दोन्ही वस्तू गाडीत ठेवणे सक्तीचे केले.

याला एक मर्यादा आहे आणि ती सांगायलाच हवी. ब्रिटनची वाहतूक नियमावली साध्या रस्त्यावर त्रिकोण किमान ४५ मीटर मागे ठेवायला सांगते, पण अतिवेगवान मोटरवेवर तो अजिबात ठेवू नका असेही बजावते, कारण तिथे त्रिकोण ठेवायला चालत जाणे हाच जिवाला धोका असतो. अशा ठिकाणी रस्त्यापासून दूर असलेल्या बाजूच्या दाराने उतरावे आणि संरक्षक कठड्यापलीकडे जाऊन थांबावे. उतरण्याआधी अंगात जाकीट हवे. त्यासाठी ते आसनाखाली किंवा दाराच्या कप्प्यात असायला हवे, कारण डिकीतले जाकीट घ्यायला जाताना माणूस नेमका त्याच्याविनाच रस्त्यावर उभा असतो.

चौथा मुद्दा उन्हाचा, आणि यात पुष्कळ तथ्य आहे. २००५मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात बंद गाडीच्या आतले तापमान तासाभरात बाहेरच्यापेक्षा सरासरी २२ अंश सेल्सियसने वाढल्याचे आणि त्यातली सुमारे ८० टक्के वाढ पहिल्या अर्ध्या तासातच झाल्याचे आढळले. औषधांच्या वेष्टनावर बहुधा २५ किंवा ३० अंशांखाली ठेवा असे लिहिलेले असते, म्हणून गोळ्या, मलमे, इन्सुलिन यांपैकी काहीही गाडीत कायमचे ठेवू नये. जे लागते ते प्रवासाच्या वेळी सोबत न्यावे. पॉवर बँकही तापत्या गाडीत सोडून जाऊ नये.

पण यावरून सगळी पेटीच निरुपयोगी कशी ठरते? माझी स्वतःची पेटी दोन वर्षांनी उघडली तेव्हा विजेरीतल्या सेलमधून क्षार बाहेर येऊन पांढरी पपडी धरली होती आणि आतली स्प्रिंग हिरवट झाली होती. जखमेला लावायच्या चिकटपट्ट्यांचा डिंक पाघळून त्या एकमेकींना चिकटल्या होत्या. त्याच पेटीतल्या बंद पाकिटांतला गॉझ, रोलर पट्ट्या, कात्री, हातमोजे आणि त्रिकोण जसेच्या तसे होते. तेव्हापासून मी सेल विजेरीबाहेर वेगळ्या पिशवीत ठेवतो आणि वर्षातून दोनदा पेटी रिकामी करून तपासतो. त्याच वेळी स्टेपनीतली हवाही पाहतो, कारण न वापरलेल्या टायरमधूनही ती हळूहळू कमी होतेच. या कामाला दहा मिनिटे लागतात.

वजनाचा मुद्दा लवकर निकालात निघतो. अमेरिकी सरकारच्या इंधनविषयक मार्गदर्शनानुसार सुमारे ४५ किलो जादा वजनाने गाडीचे मायलेज साधारण १ टक्क्याने घटते. पाच-सहा किलोच्या पेटीने किती घटेल, हे वाचकानेच काढावे.

प्रथमोपचाराबाबतचा आक्षेप मात्र मनाला लागतो, कारण तो वाचून एखादा भला माणूस हात मागे घेईल. वाहत्या जखमेवर जाड गॉझची घडी ठेवून तळहाताने जोरात दाबणे आणि मदत येईपर्यंत तो दाब न सोडणे, एवढ्यासाठी पदवी लागत नाही. रक्त घडीतून वर आले तर ती न उचलता तिच्यावर दुसरी ठेवावी, आणि जखमेत काही रुतले असेल तर ते न उपटता त्याच्या दोन्ही बाजूंना दाब द्यावा. आग किंवा तसाच तातडीचा धोका नसेल तर जखमीला ओढून बाहेर काढू नये, हा इशारा योग्यच आहे. रक्तस्राव थांबवण्यासाठी आवळायचा पट्टा आधी शिकून घेऊनच जवळ बाळगावा, हेही बरोबर. पण जर्मनीत सामान्य चालकालाही ठरलेल्या मानकाची प्रथमोपचार पेटी गाडीत ठेवावी लागते, ती तो डॉक्टर असतो म्हणून नव्हे. अपघातस्थळी सर्वांत आधी बहुधा दुसरा चालकच पोहोचतो.

राहिला प्रश्न गाडीत अडकल्यास काच फोडून बाहेर पडायच्या हातोडीचा. अमेरिकेतील एका मोठ्या वाहनचालक संघटनेने २०१९मध्ये अशा सहा साधनांची चाचणी घेतली, तेव्हा त्यांपैकी चारांनी बाजूची टेम्पर्ड काच (फुटली की बारीक तुकडे होणारी) फोडली, पण लॅमिनेटेड काच (दोन काचांच्या मध्ये प्लास्टिकचा थर असलेली) एकालाही फोडता आली नाही. म्हणजे साधन निकामी नाही. ते कोणत्या काचेवर चालते हे आधी ठाऊक हवे. बहुधा काचेच्या खालच्या कोपऱ्यातल्या बारीक शिक्क्यात तिचा प्रकार लिहिलेला असतो. काही गाड्यांत पुढच्या दारांच्या काचा लॅमिनेटेड आणि मागच्या टेम्पर्ड असतात. आपल्या गाडीच्या चारही काचांचे शिक्के एकदा वाचावेत, टेम्पर्ड काच कोणती ते घरातल्या प्रत्येकाला दाखवावे, आणि सीटबेल्टचा पट्टा कापण्याचे पाते असलेली हातोडी पेटीत न ठेवता, तो पट्टा लावून बसल्या जागेवरून हात पोहोचेल अशा ठिकाणी पक्की बसवावी.