बघणारे कुठून आणायचे?

ऑलिंपिक संपलं की भारतातल्या मित्रमंडळींच्या ग्रुपवर एक वाद हमखास रंगतो. अमेरिकेला पदकं मिळतात ती कॉलेजांमुळे, आणि आपल्याकडे पीटीच्या तासाला गणिताचा राहिलेला धडा उरकतात. मग गाडी वळते ती खेळाडूंना दहावी-बारावीला मिळणाऱ्या २५ वाढीव गुणांकडे, सरकारी नोकऱ्यांतल्या ५ टक्के क्रीडा आरक्षणाकडे आणि त्यासाठी निघालेल्या बोगस प्रमाणपत्रांकडे. शेवटी कुणीतरी मला उद्देशून लिहितं, "तुमच्याकडे असलं काही चालत नसेल!"

चालतं की. माझ्या लाडक्या संघाच्या घरीच चाललं.

मी अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनात राहते. चॅपल हिलचं राज्य विद्यापीठ आणि डरॅमचं ड्यूक विद्यापीठ यांच्यात अंतर दहा-बारा मैलांचं, आणि बास्केटबॉलमध्ये अगदी बांधावरची भाऊबंदकी. मी चॅपल हिलच्या आकाशी निळ्यांकडची. १९८२ च्या अंतिम सामन्यात एकोणीस वर्षांच्या मायकेल जॉर्डनने अखेरच्या क्षणी बास्केट करून जॉर्जटाउनला ६३-६२ असं हरवलं, तो हा संघ. आणि १९९३ ते २०११ अशी अठरा वर्षं जिथे 'कागदी वर्ग' चालले, तेही हेच विद्यापीठ. वर्ग भरायचा नाही, शिकवायला कुणी यायचं नाही, शेवटी एक निबंध द्यायचा आणि चांगली श्रेणी घेऊन निघायचं. २०१४ च्या चौकशी अहवालानुसार तीन हजारांवर विद्यार्थ्यांनी याचा लाभ घेतला, त्यात निम्म्याच्या आसपास खेळाडू. कॉलेजांच्या खेळावर देखरेख करणाऱ्या एनसीएएने २०१७ मध्ये निकाल दिला, की हे वर्ग सगळ्याच विद्यार्थ्यांना खुले होते, म्हणजे खेळाडूंना खास सवलत दिली असं म्हणता येत नाही. विद्यापीठाला शिक्षा शून्य. आपल्या बोगस प्रमाणपत्रवाल्यांना इतकी देखणी पळवाट अजून सुचलेली नाही.

तेव्हा शिकता शिकता खेळाडू घडतात हे चित्र निदान बास्केटबॉलपुरतं तरी भिंतीवरून उतरवावं. एनबीए म्हणजे इथली व्यावसायिक बास्केटबॉल लीग. तिच्या २००५ च्या करारापासून तिथे शिरायला वय १९ आणि शाळा सुटून एक वर्ष झालेलं लागतं. ज्याला शाळेतूनच थेट तिकडे जाता आलं असतं, तो ते एक वर्ष कॉलेजात काढतो. ड्यूकचा झायन विल्यमसन त्यांतलाच. २० फेब्रुवारी २०१९ ला ड्यूकच्याच कोर्टवर आमच्याविरुद्ध खेळताना पहिल्याच मिनिटात त्याचा बूट टराटरा फाटला आणि गुडघा दुखावला. त्या रात्री प्रेक्षकांत बराक ओबामा होते आणि तिकिटं हजारो डॉलरना गेली होती. प्रशिक्षकाचा पगार लाखो डॉलरचा, बुटांच्या कंपनीचा विद्यापीठाशी वेगळा करार. आणि ज्याच्यासाठी लोक आले, त्याला नियमाप्रमाणे शिष्यवृत्तीपलीकडे छदामही घेता येत नव्हता.

हे आता संपलं. २०२१ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ९-० असा एकमुखी निकाल एनसीएएच्या विरोधात दिला, त्याच जुलैपासून खेळाडूंना आपल्या नावावर जाहिराती घेता यायला लागल्या, आणि जून २०२५ मध्ये कोर्टात मंजूर झालेल्या तडजोडीनंतर विद्यापीठं स्वतःच खेळाडूंना पैसे देतात. पहिल्या वर्षाची मर्यादा एका विद्यापीठाला सुमारे २ कोटी ५ लाख डॉलर. इथले जुने चाहते 'खेळ बाटला' म्हणून हळहळतात. मला तरी बरं वाटलं. हौशी खेळाचं सोवळं फक्त खेळणाऱ्यांनीच पाळायचं, बाकीच्यांनी पंगतीला बसायचं, हे फार दिवस चाललं होतं.

बोचतं ते दुसरंच. आता दरवर्षी कॉलेज बदलायची मुभा आहे, त्यामुळे नोव्हेंबरात संघातली नावं नव्याने पाठ करावी लागतात. ज्याच्यासाठी घसा फोडला, तो पुढच्या हंगामात समोरच्या बाकावर. नोकरी बदलून इथवर आलेल्या मी त्याला कोणत्या तोंडाने नावं ठेवू? पण बोचतं.

खेळ म्हणून बघाल तर एनबीए कितीतरी सरस, यावर मी वाद घालणार नाही. तिथे चोवीस सेकंदांत बास्केटकडे चेंडू टाकावा लागतो, कॉलेजात तीस. त्या जादा सहा सेकंदांत पोरं काय काय गोंधळ घालतात! पण एनबीएत ८२ साखळी सामने आणि मग सातातले चार जिंकायचे. एखादी रात्र वाया गेली तरी चालते. कॉलेजांच्या राष्ट्रीय स्पर्धेत मार्चमध्ये ६८ कॉलेजं उतरतात आणि एक सामना हरला की घरी. २०१८ मध्ये पहिल्या मानांकनाच्या व्हर्जिनियाला सोळाव्या मानांकनाच्या, बाहेर फारसं कुणाला ठाऊक नसलेल्या मेरीलँड-बाल्टिमोर काउंटीने ७४-५४ असं धुतलं. पुरुषांच्या स्पर्धेत असं त्याआधी एकदाही घडलं नव्हतं.

आमच्या शेजारच्या बाई ऐंशीच्या घरातल्या. शार्लटच्या एनबीए संघाचा त्या एकही सामना बघत नाहीत. चॅपल हिलचा सामना मात्र टीव्हीचा आवाज बंद ठेवून आणि रेडिओ लावून बघतात, कारण टीव्हीवरचे समालोचक परके आणि रेडिओवरचे आपले. ही इथली जुनी रीत. वुडी डरम यांनी १९७१ ते २०११ अशी चाळीस वर्षं या संघाचं समालोचन केलं, त्यांच्या काळात घराघरात हेच चालायचं. रेडिओ चित्राच्या दोन-तीन सेकंद पुढे धावतो, त्यामुळे बाईंच्या घरी बास्केट आधी ऐकू येते, मग दिसते. पलीकडे ड्यूकची मुलं आमच्याविरुद्धच्या सामन्याला जागा मिळावी म्हणून हिवाळ्यात कित्येक आठवडे तंबू ठोकून राहतात, आणि रात्री-अपरात्री त्यांची हजेरी घेतली जाते.

अमेरिकेचं काही घ्यायचंच असेल तर हे असे बघणारे घ्यावेत असं मला वाटतं. पैसा, वसतिगृहं, चकचकीत जिम या गोष्टी या माणसांच्या मागून आल्या.

मी पुण्यात कॉलेजकडून बास्केटबॉल खेळले. आंतरमहाविद्यालयीन फायनलला प्रेक्षक म्हणजे दोन्ही संघांच्या राखीव मुली, कुणाची तरी आई आणि चहाचा पोऱ्या. त्याच कॉलेजची मुलं पुरुषोत्तम करंडक एकांकिका स्पर्धेला भरत नाट्य मंदिर दणाणून सोडायची, 'आवाज कुणाचा'ने छत खाली यायचं. म्हणजे कॉलेजसाठी घसा फोडायचं आपल्याला वावडं नाही. ऑक्टोबर २०१९ मध्ये एनबीएचे पेसर्स आणि किंग्ज हे संघ मुंबईत वरळीच्या डोममध्ये खेळले तेव्हाही कौतुकाला तोटा नव्हता. तिथून काही किलोमीटरवरच्या नागपाड्याने अब्बास मुंतसिर यांच्यासारखा अर्जुन पुरस्कार मिळवणारा खेळाडू दिला, तिथल्या कोर्टावर किती जण डोकावतात?

प्रेक्षक आपोआप येत नाहीत, करावे लागतात, आणि त्याला वेळ लागतो. १९७२ च्या टायटल नाइन कायद्याने, सरकारी पैसा घेणाऱ्या शिक्षणसंस्थांना मुलींना खेळात डावलता येईना. पुढे कित्येक वर्षं त्या मुली रिकाम्या बाकांसमोर खेळल्या. २०२४ मध्ये साउथ कॅरोलायना आणि आयोवा यांच्यातली महिलांची फायनल १ कोटी ८० लाखांहून जास्त लोकांनी टीव्हीवर पाहिली. पुरुषांची दीड कोटीच्याही आत राहिली. पुण्याची शिरीन लिमये भारताची कर्णधार झाली, तिला प्रत्यक्ष खेळताना पाहिलेले पुणेकर मला तरी भेटलेले नाहीत.

पाहणार कसे? आपल्या आंतरविद्यापीठ स्पर्धा एका यजमान विद्यापीठात भरतात. सगळे संघ तिथे जमतात, चार-सहा दिवसांत, सकाळपासून, भर कामाच्या दिवशी सामने उरकतात आणि रेल्वेने परत निघतात. बहुतेक वर्षी आपला संघ आपल्या गावात खेळतच नाही. इथे नोव्हेंबर ते मार्च तीसेक सामने होतात, त्यांतले निम्म्याच्या आसपास घरच्या कोर्टवर, संध्याकाळी, जेवणं आटोपून जाता येईल अशा वेळी.

मुंबई आणि पुणे विद्यापीठांनी वर्षातून दोनच सामने खेळून बघावेत, एक मुंबईत, एक पुण्यात. शनिवारी संध्याकाळी सातला, दिवे लावून, प्रवेश फुकट. मुलींचा सामना दुपारी उन्हात ढकलायचा नाही. हरलेल्या कुलगुरूंनी जिंकलेल्यांना बाकरवडी पाठवायची की वडापाव, ते त्यांनी आपसात ठरवावं. मात्र चितळ्यांच्या दुकानासमोर रांगेत उभं राहायची तयारी ठेवावी.