डॅशहंड घेताय? पाठीचं काय ते नंतर बघू

डॅशहंड कुत्रा घ्यायचा ठरलाच असेल तर आधी लांबी बघा. जेवढा लांब तेवढा प्युअर, आणि पाय असे हवेत की पोट फरशीला लागतंय की काय असं वाटलं पाहिजे, इन्स्टावर तसलाच चालतो. आता हे आखूड पाय एफजीएफ४ नावाच्या जीनच्या जादा कॉपीमुळं होतात हे २००९ ला कळलं, आणि २०१७ ला १२ व्या क्रोमोसोमवर अजून एक जादा कॉपी सापडली, ती मणक्यांमधल्या गाद्या ऐन लहानपणीच म्हाताऱ्या करते, मऊ गादीत कॅल्शियम साठतं, ती कडक होते आणि एक दिवस फुटून थेट मज्जारज्जूवर दाबते. चार-पाच डॅशहंडांत एकाला हा त्रास होतोच. पण तुमचा तो एक नसणार, तुम्ही चांगले पैसे मोजलेत ना.

ब्रीडरकडं गेलात की केसीआयचे (केनेल क्लब ऑफ इंडियाचे) पेपर मागा, आजोबा कुठल्या शोचा चॅम्पियन ते विचारा. मुलीला स्थळ आलं की घरात कुणाला काय आजार आहे ते आपण पार शेजाऱ्यापाजाऱ्यांकडून काढून घेतो, पण आजोबा चौथ्या वर्षी मागचे पाय फरफटत होते का हे इथं विचारू नका, ब्रीडरला राग येतो. डेन्मार्कमधली माणसं संशयी, दोन ते चार वर्षांच्या कुत्र्याच्या पाठीचा एक्स-रे काढून किती गाद्या कडक झाल्यात ते मोजत बसतात आणि मग ब्रीडिंगचं ठरवतात. आपल्याकडं कुठं एवढा वेळ! दुखणं दिसतं साधारण तीन ते सात वर्षांच्या दरम्यान, तोवर बापाची पिल्लं गावभर झालेली असतात (आणि पेपर सगळ्यांचे क्लीन).

घरी आणलं की तूप लावलेली चपाती, बिस्किटं, दिवाणावरून उड्या, होऊ दे लाड. पाठ वाकवून थरथरत बसला, उचलताना ओरडला तर नाटकं करतोय म्हणायचं. फारच झालं तर आपल्या डब्यातली पेनकिलर द्या, म्हणजे मणक्याबरोबर पोटाचा न् किडनीचाही निकाल लागेल. मागचे पाय लुळे पडले, पायाचं बोट जोरात चिमटलं तरी त्याला कळेना, की मग एकेक तास मोलाचा असतो, म्हणून आधी सोसायटीच्या ग्रुपवर विचारा, कुणीतरी तेलाची मालिश सांगेल ती दोन दिवस करा, तशीही रविवारी कुठं धावपळ करायची. नंतर एमआरआय, ऑपरेशन आणि बिलाचा आकडा ऐकून घरात शांतता.

त्यातनं उठून चालायला लागलाच तर त्याला मेटिंगला नक्की द्या. पेपर चांगलेत, रंगही रेअर आहे, आणि पाठीवरचा ऑपरेशनचा व्रण काय, केस वाढले की झाकला जातो.