अण्णा, जर्मनीला मध्ये आणू नका

‘जर्मनीत असले चाळे चालत नाहीत, विचार तुझ्या काकाला.’ आमच्या घरच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर अण्णांनी हे ठोकून दिलं आणि खाली भावजींनी अंगठा दाखवला. तो काका म्हणजे मी, पण मला मात्र कुणी विचारलं नाही. माझ्या नावावर निकाल लागून फाइल बंदही झाली होती.

खटला असा. अण्णांच्या मुलानं, म्हणजे माझ्या पुतण्यानं, जुनी स्विफ्ट घेतली आहे आणि तिच्या ब्रेक कॅलिपरना घरीच रंग द्यायचं त्याच्या डोक्यात आहे. चाकाबरोबर फिरणाऱ्या डिस्कला ब्रेक दाबल्यावर दोन्ही बाजूंनी पॅड लावून आवळतो तो कॅलिपर. चाकाच्या जाळीतून दिसतो, बहुतेक गाड्यांत मातकट असतो. यावर ग्रुपवर जे रामायण झालं त्यात अण्णांचं म्हणणं, हा दिखावा आहे. भावजींचं म्हणणं, आरटीओ धरेल. आत्याचं म्हणणं, ब्रेकला हात लावू नको बाबा, तुळजापूरला जायचंय. रंग कसा द्यायचा, कुठला द्यायचा, टिकणार कसा, हे एकानंही विचारलं नाही. आपल्याकडं करावं की करू नये यावर रात्र जागते. कसं करावं यावर कुणी पाच मिनिटं देत नाही. माझा राग तिथं आहे.

आधी जर्मनीचं सांगतो. मी स्टुटगार्टला राहतो आणि इथं हे चाळे सर्रास चालतात. ऑक्टोबरात विंटर टायर चढवताना चाकं निघतातच, त्याच वेळी लोक कॅलिपर रंगवून घेतात. बाउमार्क्टमध्ये, म्हणजे घरदुरुस्तीच्या सामानाच्या मोठ्या दुकानात, त्याचे डबे लाल, निळ्या, पिवळ्या रंगांत रांगेनं मांडलेले असतात. आणि दिखाव्याचं म्हणाल तर आमच्या गावच्या पोर्शनं त्याची भाषाच करून ठेवली आहे. पिवळा कॅलिपर म्हणजे सिरॅमिक डिस्क, पोपटी म्हणजे हायब्रिड. त्यामुळे साध्या गाडीला पिवळा लावणाऱ्याकडं बघून इथली माणसं हळूच हसतात, पण तोंडावर कुणी बोलत नाही. दुसऱ्याच्या गाडीत नाक खुपसायची इथं पद्धत नाही. (रविवारी दुपारी बोल्ट ठोकले तर खालच्या मजल्यावरच्या बाई जिन्यात चिठ्ठी लावतात, पण तो आवाजाचा प्रश्न झाला.)

आरटीओचंही ऐका. मोटार वाहन कायद्याच्या कलम 52 वर सर्वोच्च न्यायालयानं जानेवारी 2019 मध्ये निकाल दिला, तेव्हापासून गाडीत काहीही बदललं की ‘कोर्टानं बंदी घातलीय’ म्हणायची सवय लागली आहे. ते कलम नोंदणीपुस्तकात लिहिलेल्या तपशिलांबद्दल आहे. आरसीवर गाडीचा रंग असतो तो बॉडीचा. कॅलिपरच्या रंगाचा रकाना मी तरी पाहिलेला नाही.

मग मी उत्साहानं लिहिलं की रंगामुळं गंज धरत नाही, इथं हिवाळ्यात रस्त्यावर मीठ टाकतात, बिनरंगी लोखंड बघता बघता खपली धरतं. अण्णांचं उत्तर आलं, ‘सोलापुरात कुठला बर्फ पडायलाय बे?’ मी विषय बदलला.

आता जे कुणी विचारलं नाही ते. माझे वडील अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीत सूत रंगवायच्या कामावर होते. रंगाच्या टाकीआधी सूत उकळून त्यातलं मेण आणि तेलकटपणा काढावा लागतो, नाहीतर चादर दोन धुण्यांत फिकी पडते. कॅलिपरचं वेगळं नाही. दोन महिन्यांत पापुद्रा निघाला की लोक डब्याला शिव्या देतात, पण रंगाखाली ब्रेकची काळी भुकटी आणि ग्रीस तसंच असतं. तारेच्या ब्रशनं घासायचं, कोपरे पॉलिश पेपरनं काढायचे आणि शेवटी ब्रेक क्लीनरनं धुवायचं. आपल्याकडं गॅरेजमध्ये डिझेल किंवा रॉकेलनं पुसतात. त्यानं चकाकतं खरं, पण मागं तेलाचा थर राहतो आणि त्यावर कुठलाही रंग बसत नाही.

रंगही दारं-खिडक्यांचा ऑइल पेंट नको. गावात चालवताना डिस्क सहज शंभर-दीडशे अंशांवर जाते, घाट उतरताना त्याच्याही पुढं. कॅलिपर तिच्याइतका तापत नाही, पण साधा रंग पिवळा पडून फुगायला तेवढी आच पुरते. कॅलिपरचा म्हणून मिळणारा रंगच घ्यावा. त्यातही हार्डनर मिसळायचा दोन भागांचा असेल तर उत्तम, तो ब्रेक ऑइललाही बराच दाद देत नाही. साध्या रंगावर ब्रेक ऑइलचा थेंब पडला की रंग तिथंच सुटतो. हार्डनर मिसळल्यावर डबा घट्ट व्हायला लागतो, म्हणून मिसळण्याआधी मास्किंग टेपचं काम संपलेलं हवं.

टेप कुठं लावायची हेच खरं ज्ञान आहे. डिस्कवर, पॅडवर, पिस्टनच्या रबरावर, ब्रेकच्या नळीवर, हवा काढायच्या निपलवर आणि कॅलिपर ज्या पिनांवर सरकतो तिथं रंगाचा थेंब जाता कामा नये. त्या पिना चिकटल्या की एका बाजूचा पॅड सतत घासत राहतो, चाक तापतं, गाडी ओढते. आत्याची भीती अगदीच खुळी नाही, फक्त ती चुकीच्या जागी आहे. ब्रेकची नळी खोलायची नाही, म्हणजे ब्रेकमध्ये हवा शिरायचा प्रश्नच येत नाही. जॅकच्या भरवशावर गाडीखाली हात घालायचा नाही आणि विटांवर तर मुळीच नाही, स्टँड लावायचे. रंगाचे दोन-तीन पातळ हात, दोन हातांमध्ये डब्यावर लिहिलाय तेवढा वेळ, आणि मग गाडी दिवसभर जागची हलवायची नाही. चाक बसवताना नट टॉर्क रेंचनं, म्हणजे जोर मोजणाऱ्या पान्यानं, गाडीच्या पुस्तकातल्या आकड्याइतके. पायानं पाना दाबून नव्हे. पन्नासेक किलोमीटर झाले की पुन्हा तपासायचे. स्विफ्टला मागं ड्रम ब्रेक आहेत, म्हणजे कॅलिपर दोनच, अर्धं काम कमी.

आणि हे मे महिन्यात करू नकोस, असं मी पुतण्याला बजावलं. त्रेचाळीस-चव्वेचाळीस अंशांत लोखंडाला हात लावत नाही, थिनर ब्रशवरच उडतो आणि रंगावर ओरखडे राहतात. गड्ड्याच्या जत्रेच्या दिवसांत कर. जानेवारीची कोरडी सकाळ, धूळ उडायच्या आत. असली हवा मला इथं मिळत नाही. ऑक्टोबरात चाकं निघतात तेव्हा थंडी आणि ओल असते, रंग वाळता वाळत नाही.

एवढं सगळं लिहून शेवटी मी, थोडं वजन यावं म्हणून, टॉर्क रेंच इथून घेऊन येतो असंही लिहिलं. त्याचं उत्तर: ‘काका, तो आहे माझ्याकडे. अशोक चौकातल्या मित्राचंही चाक मीच बसवतो.’

मग मी जरा गप्प बसलो. खरं सांगायचं तर इथं मला हे काम करायला जागा नाही. पार्किंगमध्ये गाडी धुवायलाही परवानगी नाही, रंगाचं तर सोडाच. तासावर भाड्यानं मिळणाऱ्या वर्कशॉपमध्ये लिफ्ट घ्यायची आणि भिंतीवरच्या घड्याळाकडं बघत ब्रश फिरवायचा. अण्णांच्या घरापुढं शहाबादी फरशीचं अंगण आहे, लिंबाची सावली आहे, गाडी दोन दिवस चाकांविना उभी राहिली तरी कुणी चिठ्ठी लावणार नाही. येणारा-जाणारा ‘काय करायलास बे?’ म्हणून थांबेल, सल्ला देईल, तोही चुकीचा. त्याच नाक खुपसण्याला मी वर नावं ठेवली आहेत, हे मला कळतं.

आणि अण्णांचा राग आला तो तरी कशाचा? माझे वाढदिवसाचे फोटो, ट्यूफ, म्हणजे इथली गाडीची सक्तीची तपासणी, पास झाल्याच्या बातम्या, इथल्या बर्फाची चित्रं, या सगळ्यांवर ग्रुपवर हात जोडलेले दिसतात आणि पुढं सामसूम. कॅलिपरवर मात्र लोक माझ्याशी भांडले. जर्मनीच्या नावानं का होईना, अण्णांनी पोराला दटावताना माझं नाव घेतलं. चुकीचं घेतलं, पण घेतलं. तिथल्या कुठल्याच भांडणात माझं मत मोजलं जात नाही याची मला इतकी सवय झाली होती की खोटी साक्षही थोडी बरी वाटली.

आता रंगावरून जुंपली आहे. पुतण्याला पिवळा हवा आहे. सोलापुरात नळाला पाणी काही दिवसांआड येतं, गाडी धुणार कशानं? ब्रेकची भुकटी पिवळ्यावर आठवड्यात काळी नक्षी काढेल. अण्णांचं मत पडलंय, लावायचाच असेल तर काळा लाव. माझंही मत काळ्यालाच आहे, पण ते मी ग्रुपवर लिहिणार नाही.