शाल-श्रीफळ नको, हॉल द्या

आपल्या समाजातल्या एखाद्या मुलीनं नाव काढलं की आपण तिचा सत्कार करतो. नाव काढण्याआधीची जी सात-आठ वर्षं असतात, त्या वर्षांत मात्र तिच्याकडे कुणी फिरकत नाही. मी कथक शिकवते. ती वर्षं मला रोज समोर दिसतात, म्हणून ही गोष्ट फार लागते. आणि म्हणूनच आज अमेरिकन नृत्यरचनाकार ॲना सोकोलोवबद्दल लिहिते आहे.

ॲना १९१० साली अमेरिकेत, हार्टफर्डला जन्मली. आईवडील रशियन साम्राज्यातून आलेले ज्यू. पुढे कुटुंब न्यूयॉर्कला आलं. वडिलांना कंपवातानं गाठलं आणि घर आईच्या शिवणकामावर आलं. आई कपड्यांच्या कारखान्यात राबायची, शिवाय कामगार संघटनेत हिरिरीनं असायची. मग शाळा सुटल्यावर मुलींनी जायचं कुठे? इमॅन्युएल सिस्टरहुड नावाची ज्यू बायकांची संस्था पूर्व ८२व्या रस्त्यावर अशा घरांतल्या मुलांसाठी केंद्र चालवायची. तिथे नाचाचाही वर्ग असायचा. ॲना आणि तिची बहीण रोझ त्या वर्गाला जाऊ लागल्या.

तिथे कुणी हुशार मुलं हेरायला बसलेलं नव्हतं. आई कामावरून येईपर्यंत मुलींनी रस्त्यावर हिंडू नये, एवढाच हेतू. पण तिथला वर्ग बरा होता, शिकवणाऱ्या बायका मनापासून शिकवत होत्या, आणि ॲनाला आणखी पुढचं हवंय हे लक्षात आल्यावर त्यांनी तिला आपल्याकडेच अडकवून ठेवलं नाही. ‘आता तू नेबरहूड प्लेहाउसला जा,’ असं सुचवून तिला मोकळं केलं. वर्ग चालवणाऱ्या आम्हा सगळ्यांनाच हे जमत नाही, हे मी छातीठोकपणे सांगते.

हे प्लेहाउस म्हणजे ग्रँड स्ट्रीटवरचं नाट्यगृह. लिलियन वॉल्ड या परिचारिकेनं १८९३ साली गरीब स्थलांतरितांच्या वस्तीत हेन्री स्ट्रीट सेटलमेंट या सेवाकेंद्राचं काम सुरू केलं होतं. तिथे मुलांचे नाच-नाटकाचे वर्ग घेणाऱ्या ॲलिस आणि आयरीन लुइसन या श्रीमंत ज्यू बहिणींनी १९१५ साली हे नाट्यगृह बांधून दिलं. आधी येऊन स्थिरावलेल्या सधन ज्यूंना मागून आलेल्या गरीब ज्यूंना ‘वळण लावायचं’ होतं, त्यात थोडा वरचढपणाही होता, हे खरं आहे. पण या बहिणींनी एक गोष्ट केली ती मला सगळ्यात मोठी वाटते. गरिबांच्या पोरांना काय, कुणीही शिकवलं तरी चालेल, असं त्यांनी मानलं नाही. पुढे प्लेहाउसचं नाट्यविद्यालय झालं तेव्हा तिथे नृत्य शिकवायला मार्था ग्रॅहम होती आणि नृत्यरचना शिकवायला लुई हॉर्स्ट. त्या काळात न्यूयॉर्कमध्ये याहून चांगले गुरू सापडले नसते. शिवणकाम करणाऱ्या बाईची मुलगी थेट त्यांच्यासमोर उभी राहिली.

आईला हे पसंत नव्हतं. मुलीनं नाचून पोट भरायचं म्हणजे काय, ही धास्ती कुठल्याही आईची असते. ॲनानं कोवळ्या वयात शाळा सोडली, घरही सोडलं आणि मिळेल ते काम करत नाच शिकत राहिली. १९३०च्या सुमारास ती ग्रॅहमच्या संचात आली आणि १९३८पर्यंत तिथे नाचली. त्या संचात ज्यू मुली बऱ्याच होत्या. १९३६च्या बर्लिन ऑलिंपिकसाठी जर्मनीतून ग्रॅहमला नाचाचं निमंत्रण आलं, ते तिनं नाकारलं. माझ्या मुलींचं तिथे स्वागत होणार नसेल तर मीही येणार नाही, अशी तिची भूमिका होती. ग्रॅहम स्वतः ज्यू नव्हती, हे मुद्दाम सांगते.

पण नुसतं दुसऱ्याच्या संचात नाचून कुणी नृत्यरचनाकार होत नाही. ॲनानं तिशीच्या दशकात स्वतःचा छोटा गट उभा केला. तो काळ मंदीचा, बेकारीचा. डाव्या विचारांच्या नर्तकांच्या संस्था निघत होत्या. १९३२ साली सुरू झालेल्या न्यू डान्स ग्रुपमध्ये दहा सेंट दिले की एक तास नृत्याचा वर्ग, एक तास सामाजिक विषयावर उत्स्फूर्त नृत्य आणि एक तास चर्चा, असं तिन्ही मिळायचं. दहा सेंटमध्ये तीन तास! अशा वातावरणात ॲना कामगारांपुढे, संघटनांच्या मेळाव्यांत नाचत होती. प्रेक्षकांत आईसारख्याच बायका असायच्या, दिवसभर मशीनवर बसून आलेल्या.

१९३५ साली तिनं ‘स्ट्रेंज अमेरिकन फ्युनरल’ बसवलं. पोलादाच्या कारखान्यात वितळलेल्या धातूत पडून एक कामगार मरतो. त्याचं शरीर त्या पोलादातच मिसळून गेलेलं, तेव्हा पुरायचं काय? मायकेल गोल्डच्या कवितेवरची ही रचना. यात गोड काही नाही, बघून बरं वाटावं असं काही नाही. तरीही लोक बघायला आले. १९३६ साली ९२व्या रस्त्यावरच्या ज्यू तरुणांच्या संस्थेनं, जिला आज ‘नाइंटी सेकंड स्ट्रीट वाय’ म्हणतात, तिला संपूर्ण संध्याकाळ दिली. फक्त तिच्याच रचनांची. तेव्हा ती सव्वीस वर्षांची होती.

या ‘वाय’मागे विल्यम कोलोड्नी नावाचा माणूस होता. १९३४ साली तो तिथे शिक्षण विभागाचा प्रमुख झाला आणि त्यानं आधुनिक नृत्याला आपल्या सभागृहाचे दरवाजे उघडले. ब्रॉडवेवरचं थिएटर भाड्यानं घेण्याची ऐपत या मुलींत कुठून येणार? आणि हे सभागृह फक्त ‘आपल्यातल्यांसाठी’ राहिलं नाही. कृष्णवर्णीय नर्तकांना बहुतेक रंगमंच बंद असताना १९४३ साली पर्ल प्रायमस इथे नाचली. ॲल्विन एलीच्या संचाचा १९५८चा पहिला प्रयोग इथला, आणि १९६० साली त्याचं जगभर गाजलेलं ‘रेव्हलेशन्स’ पहिल्यांदा सादर झालं तेही इथेच. स्वतःच्या मुलींना जागा देता देता एका समाजाला दुसऱ्यांसाठीही जागा करता आली, हे मला ॲनाच्या कीर्तीपेक्षाही जास्त महत्त्वाचं वाटतं.

आता आपल्याकडचं. माझ्या वर्गात मुली तत्कार करतात तेव्हा खालच्या मजल्यावरून तक्रार येते, म्हणून घुंगरू न बांधता सराव करावा लागतो. घुंगरांशिवाय लय कानात कशी बसणार? जवळच एका ज्ञातीसंस्थेचा सुंदर हॉल आहे, आठवड्यातले पाच दिवस कुलूपबंद. चौकशी केली तर लग्नाचं भाडं सांगितलं. त्याच संस्थेच्या गुणगौरव समारंभात नाचायला मात्र मुली हव्या होत्या, फुकट. आधी स्वागतगीत, मग भाषणं, शेवटी मुलींच्या हातात पुष्पगुच्छ आणि बटाटेवडा.

राग आहे, पण तो बाजूला ठेवून विचारते. तुमच्यापैकी कुणी एखाद्या मंडळाच्या, संस्थेच्या, सोसायटीच्या कार्यकारिणीवर असाल, आणि तुमचा हॉल दुपारी चार ते सात रिकामा पडत असेल, तर मला मेसेज करा. वीज आणि साफसफाईचे पैसे आम्ही देऊ. आणि मार्चमध्ये मुलींनी स्वतः बसवलेल्या रचनांचा कार्यक्रम आहे, त्याला पास मागू नका, तिकीट काढून या.